इंदूरचा जुना फ्लॅट विकायचाय. दीड लाखात स्वयंपाकघर आणि बाथरूमचं काय करून घेऊ?

तुम्ही लिहिलंय त्यावरून एवढं कळलं: लोकमान्य नगरच्या बाजूला वडिलांचा दोन बेडरूमचा फ्लॅट, वीस-बावीस वर्षांचा. ओटा जुना, एक संडास देशी, एक वेस्टर्न. हाताशी दीड लाख, आणि दलाल म्हणतोय की सगळं मॉड्यूलर करून घ्या, मग बघा कसा भाव येतो. भावाबद्दल त्याचं जरूर ऐका, मॉड्यूलरबद्दल नको.

मी इंदूरमध्येच घरांच्या डागडुजीची कामं घेते, त्यातली बरीच विकायला काढलेल्या फ्लॅटांची असतात. जुन्या फ्लॅटचं गिऱ्हाईक तुमच्या किचनचे वेगळे पैसे मोजत नाही. त्या इमारतीत काय भाव चाललाय ते माहीत करून घेऊनच ते येतं, आणि घरात फिरता फिरता कापत जातं. कोपऱ्यात ओल दिसली, कापले पन्नास हजार. नळ ठिबकतोय, म्हणजे आतले पाइपही गेले असणार, कापा अजून. खरा खर्च पाच-सात हजारांचा असला तरी त्याच्या मनातला आकडा भीतीचा असतो. तुमचे दीड लाख ही कापाकापी थांबवण्यासाठी आहेत, सजावटीसाठी नाहीत. (हेच सुदामा नगरातलं जुनं स्वतंत्र घर असतं तर एक रुपयाही घालू नका म्हटलं असतं. तिथे घेणारा बहुतेक वेळा प्लॉट बघायला येतो, घर तो पाडणारच असतो.)

म्हणून सुरुवात बाथरूमपासून, आणि तीही टाइल्सपासून नाही. बाथरूममधलं पाणी वाहून जायचं तोंड कापड कोंबून बंद करा, दोन-तीन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि पूर्ण एक दिवस तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी खालच्या घरी जाऊन त्यांचं छत बघून या. पाणी उतरलं असेल किंवा खाली डाग असेल, तर निम्म्याहून जास्त बजेट इथेच जाणार हे धरून चाला: फरशी फोडायची, वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे, भिंतीवर निदान फूटभर चढवायचे, परत पाणी भरून तपासायचं, मगच टाइल्स. मिस्त्री म्हणेल, ‘मॅडम, टाइलवर टाइल लावून देतो, दोन दिवसांत काम.’ भिंतीला ते चालतं, जुनी टाइल ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल आणि टाइलसाठीचं ॲडहेसिव्ह वापरलं तर. जमिनीवर अजिबात नको. गळती तशीच राहते, वर पातळी चढते, दार खालून कापावं लागतं आणि आंघोळीचं पाणी पॅसेजमध्ये येतं. जाणतं गिऱ्हाईक उंबरा बघूनच ओळखतं.

पाणी टिकलं असेल तर तुमचं नशीब. मग फरशी तशीच ठेवा, सांधे खरवडून त्यात एपॉक्सी भरून घ्या. काळे पडलेले सांधे पांढरे झाले की अर्धं बाथरूम नवीन दिसतं. नळांवर आणि कमोडवर जे पांढरं बसलंय ते बोरिंगच्या जड पाण्याचं. सायट्रिक ॲसिड पाण्यात कालवून अर्धा तास ठेवलं की सुटतं. बाजारातलं संडास धुवायचं तेजाब नका वापरू, नळाची चकाकी जाते आणि सांध्यातलं सिमेंटही खातं. आणि फरशी कोट्याची किंवा संगमरवरी असेल तर सायट्रिकही तिच्यावर सांडू देऊ नका, हे दोन्ही चुन्याचे दगड आहेत, डाग पडतो. ज्या नळांचा मुलामा गेलाय ते बदला, पण दोन्ही बाथरूममध्ये एकाच कंपनीचे, सिरॅमिक डिस्कवाले. फुगलेलं लाकडी दार काढून पीव्हीसीचं लावा, एक्झॉस्ट पंखा चालू करा. गीझरला १६ अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. हल्ली लहान मुलं असलेली जोडपी हे विचारतात.

देशी संडास फोडायचा का, हे तुम्ही विचारलंय. दोन आहेत, त्यातला एक वेस्टर्न आहे, तर देशी राहू द्या. तो बदलायचा म्हणजे खालचा ट्रॅप आणि फरशी दोन्ही उकरायचं, मग परत वॉटरप्रूफिंग. एवढ्या खर्चात तुम्हाला मिळणार काय?

आता स्वयंपाकघर. त्या काळच्या बऱ्याच फ्लॅटांसारखा तुमच्या ओट्याखाली कडप्प्याचा सांगाडा असेल. तो मोडू नका. कडप्प्याला वाळवी लागत नाही, पाण्याने तो फुगत नाही, आणि नवीन मॉड्यूलरचा स्वस्त पार्टिकल बोर्ड सिंकखाली दोन पावसाळ्यांत पापडासारखा फुगतो. त्याच कडप्प्यावर पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली) दारं बसवून घ्या, फिकट एकाच रंगाची, बिजागऱ्या चांगल्या. मधल्या एक-दोन खणांत स्टीलच्या ट्रॉल्या. प्लायच वापरायचं असेल तर सिंकखाली आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ शिक्क्याचं एमआर, म्हणजे ओलावा सोसणारं प्लाय ओलाव्यापुरतं ठीक, सतत भिजणाऱ्या जागेसाठी नाही.

ग्रॅनाइट चिरलेलं नसेल तर पॉलिश पुरे. सिंकभोवतीचं काळं सिलिकॉन काढून नवं भरा. ओट्यामागच्या टाइल्स जुन्या फुलाफुलांच्या असतील तर तेवढ्या बदला. तिथे टाइल कमी लागते आणि नजर सगळ्यात आधी तिथेच जाते. रंग साधा. तुमच्या आवडीचा मोरपंखी पुढच्याला आवडेलच असं नाही. सिंकखाली ओल्या-सुक्या कचऱ्याच्या दोन डब्यांना जागा ठेवा, आपल्या शहरात ती रोजची गरज आहे. आरओचा आणि मिक्सरचा पॉइंट ओट्यावर हवा. चिमणी मात्र घेऊ नका, भिंतीला भोक आणि प्लगची सोय करून ठेवा. ज्याला हवी तो आपल्या पसंतीची आणतो. वास्तूसाठी शेगडीची दिशा फिरवायला ओटा हलवा असं कुणी सुचवलं तर कानाआड करा, पुढचा माणूस आपला वास्तुवाला घेऊन येतोच.

गिऱ्हाईक इंदूरचं असेल तर नळ उघडून पहिला प्रश्न येईल, ‘नर्मदेचं की बोरिंगचं?’ नर्मदेचं म्हणजे महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे टंकी किती मोठी, मोटर कुणाची, हेही येईल. त्यासाठी नर्मदेच्या जोडणीची पावती फाइलमध्ये वर ठेवा, टंकी धुऊन घ्या. आजवर मी बघितलेल्या सौद्यांत ही पावती ग्रॅनाइटपेक्षा जास्त उपयोगी पडलीय.

राहिला हिशेब. गळती नसेल तर हे सगळं दीड लाखात बसायला हवं. गळती असेल तर आधी बाथरूम, उरलं तर ओट्याची दारं आणि मागच्या टाइल्स, बाकी सोडा. दीड लाखाचे दोन मात्र होऊ देऊ नका. रजिस्ट्रीची कलेक्टर गाइडलाइन, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, परिसर आणि बांधकाम बघते, तुमच्या ट्रॉल्या बघत नाही.

बिलं पक्की घ्या, जीएसटीसकट. फ्लॅट विकल्यावर दीर्घकालीन भांडवली नफा काढताना घरात कायमची सुधारणा करण्यासाठी झालेला खर्च वजा करता येतो, रंग किंवा किरकोळ दुरुस्ती त्यात धरत नाहीत. फ्लॅट २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेला असल्यामुळे १२.५ टक्के दराने इंडेक्सेशनशिवाय (इंडेक्सेशन म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरणं) आणि २० टक्के दराने इंडेक्सेशनसह, असे दोन्ही हिशेब मांडून ज्यात कर कमी बसेल तो लागतो. फ्लॅट वडिलांकडून वारशाने तुमच्याकडे आलाय की अजून त्यांच्याच नावावर आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर कर कुणी भरायचा ते ठरेल, म्हणून काम सुरू करण्याआधीच सीएला विचारा आणि बिलं त्याच नावावर करून घ्या.