टॅब घेण्याआधी त्यावर व्हिडिओ लावून बघ

भावा, राजारामपुरीतल्या दुकानात तुला आधी रॅम आणि कॅमेरा दाखवतील. तू मोबाइलचं हॉटस्पॉट जोड आणि रोज लागणाऱ्या साइट तिथंच उघडून व्हिडिओ लावून बघ.

अँड्रॉइड घेणार असशील तर 'डीआरएम इन्फो' अ‍ॅप टाकून वाइडवाइनची, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या कुलपाची, पातळी तपास. एल१ (सगळ्यात वरची) पाहिजे. एल३ (सगळ्यात खालची) असली की पडदा कितीही भारी असो, नेटफ्लिक्स ४८०पीच्या, म्हणजे साध्या क्वालिटीच्या, वर जात नाही. स्वस्तातल्या टॅबमध्ये फसगत होते ती इथंच. आयपॅडला ही भानगड नाही, पण त्यात मेमरी कार्ड बसत नाही आणि जुन्या मॉडेलमधले ६४ जीबी बघता बघता भरतात.

एखाद्या जुन्या साइटनं फ्लॅश (ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवायचं जुनं सॉफ्टवेअर) मागितलं तर नाद सोड. अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० लाच ते बंद केलं; आयपॅडवर तर ते कधीच नव्हतं. त्या नावाची एपीके (अँड्रॉइडवर टाकायची फाइल) कुठं सापडली तरी अजिबात टाकू नको.

डाउनलोड केलेल्या फाइलचं चित्र दिसतंय पण आवाज नाही? फाइल बहुतेक वेळा चांगलीच असते, आवाज एसी३ किंवा डीटीएस या प्रकारात असतो, तो प्रत्येक प्लेअरला जमत नाही. व्हीएलसी या प्लेअर अ‍ॅपमध्ये उघड. चित्रच अडखळत असेल तर बहुधा टॅबच्या चिपमध्ये एचईव्हीसी किंवा एव्ही१ (व्हिडिओ दाबून लहान करायच्या नव्या पद्धती) उलगडायची सोय नसते. सगळा भार प्रोसेसरवर पडतो, टॅब तापतो, बॅटरी उतरते. अशी फाइल कॉम्प्युटरवर हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये घे, 'फास्ट ७२०पी३०' निवड आणि एमपी४ करून टॅबमध्ये टाक.