लेकरू झोपतं ती खोली आधी बघा

तुम्ही विचारलंय, तीन वर्षांचं लेकरू सारखं खोकतं, छातीतून सूं-सूं आवाज येतो, डॉक्टर म्हणतात घरातली धूळ-धूर कमी करा; पण घर ना रस्त्याला ना कारखान्याजवळ, मग घरात कसला धूर?

ताई, मीही हेच म्हणत होते. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, मानवतजवळ. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. स्वयंपाक गॅसवर, घरात कुणी बिडी ओढत नाही, म्हणून मी बिनघोर. 2023 मध्ये भाव वाढेल या आशेनं आम्ही कापूस विकला नाही. पुढची खोली आढ्यापर्यंत भरली आणि त्याच ढिगाला लागून आमची अंथरुणं. पोरगी दिवसभर कापसावर उड्या मारायची. आधी सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, मग तिला पहाटे खोकल्याची उबळ यायला लागली. खोकून खोकून उलटी व्हायची. एकदा दुपारी पत्र्याच्या भोकातून कवडसा पडला होता. तिनं ढिगात उडी मारली आणि त्या उजेडात धुळीचा, बारीक तंतूंचा असा लोट उठला की माझ्या पोटात गोळा आला. रात्रभर ती हेच ओढत होती.

त्यात डास येतात म्हणून दार-खिडकी बंद आणि उशाशी कॉइल. चीन आणि मलेशियातल्या कॉइलवर झालेला एक अभ्यास 2003 मध्ये छापून आला. एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं त्यात आढळलं. हे कळलं त्या दिवशी मच्छरदाणी आणली. कापूस गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली हलवला. डॉक्टरांनी श्वासातून औषध ओढायचा पंपही दिला होता, त्यामुळं फरक नेमका कशानं पडला हे वेगळं काढता येणार नाही, पण त्या हिवाळ्यानंतर पहाटेची उबळ थांबली.

अंघोळीच्या पाण्याची चूलही बघा. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्यांचा धूर न्हाणीतून सरळ घरात शिरतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातल्या अशा धुरानं लहान लेकरांना छातीच्या संसर्गाचा धोका जवळपास दुप्पट होतो. चूल अंगणात, वाऱ्याची दिशा बघून मांडा. उन्हाळ्यात कूलरचं जुनं, कुबट वासाचं गवत बदला.

घरात तान्हं बाळ असेल तर धुरीचंही बोलते. अंघोळीनंतर निखाऱ्यावर ओवा-वावडिंग टाकून बाळाला धरायची आपल्याकडं रीत आहे. आजीची माया त्यात असते, मला मान्य आहे. पण बाळाच्या श्वासनळ्या फार बारीक असतात, तिथं औषधी धूर आणि साधा धूर असा फरक नसतो. अंग कोरडं करून उबदार कपड्यात गुंडाळलं तरी ऊब मिळते. माझ्या सासूबाईंना हे पटायला दुसरं नातवंड यावं लागलं.

आणि एक सांगते, हे मात्र आजच बघा. लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या लेकराचे 40 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे 50 किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, पाणी-दूध घेत नसेल, यातलं एक जरी दिसलं, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या. कुणी ‘डबा झालाय (म्हणजे छाती भरलीय), बिब्बा घाला (म्हणजे बिब्ब्याचा चटका द्या)’ म्हणालं तर ऐकू नका. आणि पंप चालू असेल तर बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका.