जौहर, माहेर आणि भुयार

प्रश्न असा आहे: ‘चितोडच्या पद्मिनीने जोहार केला, जोहर केला की जौहर केला? यांतलं बरोबर रूप कोणतं? आणि जवाहीर, जव्हेरी या शब्दांशी त्याचं काही नातं आहे का?’

जौहर म्हणजे गड पडताना आतल्या स्त्रियांचं एकत्र जळून मरणं. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तिथे आहे. नातं नाही, अजिबात नाही. तरीही ‘जौहर म्हणजे रत्न, म्हणून पद्मिनीचा जौहर म्हणजे तिच्या शीलाचं रत्न’ हे वाक्य दरवर्षी कुठल्या ना कुठल्या व्याख्यानात ऐकू येतं आणि टाळ्या घेऊन जातं. क्रीडापानावर फलंदाज ‘जौहर दाखवतात’ आणि त्याच अंकाच्या पुरवणीत राण्या ‘जौहर करतात’. वाचणाऱ्याला वाटतं, तेज दाखवणं हाच दोन्हीकडचा अर्थ.

हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला फारसीतला. मूळ ‘गोहर’, त्याचं अरबीत ‘जौहर’ झालं, अनेकवचन ‘जवाहिर’. त्यातून आपल्याकडे जवाहीर, जवाहिरखाना, जव्हेरी आले. उत्तम पोलादाच्या तलवारीच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी उमटते तिलाही फारसीत जौहरच म्हणतात; पात्याचा कस तिच्यावरून कळतो, म्हणून हिंदीत ‘जौहर दिखाना’ म्हणजे कसब दाखवणं. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालून बसलेल्या सिद्दी जौहरच्या नावात आहे तेही हेच रत्न.

दुसरा शब्द देशी आहे आणि त्याचा रत्नाशी संबंध जुळला तो लिपीमुळे. मलिक मुहंमद जायसीचं ‘पद्मावत’ हे पद्मिनीच्या कथेवरचं काव्य १५४० चं, भाषा अवधी, पण त्याच्या जुन्या नकला बहुतेक फारसी लिपीतल्या. त्या लिपीत व, ऊ, ओ, औ या सगळ्यांना एकच अक्षर आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. म्हणजे कागदावर ज-व-ह-र एवढीच चार अक्षरं. फारसी शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांना तिथे ओळखीचं रत्न दिसणारच. ‘जीव हरण करणारा तो जौहर’ ही व्युत्पत्तीही काही हिंदी कोशांनी दिली आहे. ती मला मान्य नाही. ‘जीव’चा ‘जिउ’ होतो, ‘जउ’ होत नाही. ती ‘इ’ गेली कुठे, हे कोणी सांगत नाही. शिवाय ‘हरण करणारा’ हे विशेषण झालं. आपण बोलतोय एका कृत्याच्या नावाबद्दल.

आता खरी गोष्ट. या शब्दाच्या शेवटी जे ‘हर’ आहे ते घर आहे.

‘गृह’चं प्राकृतात ‘घर’ झालं. हे ‘घर’ समासात दुसऱ्या जागी आलं की दोन स्वरांमधला ‘घ’ झिजून ‘ह’ होतो, ‘मेघ’चा ‘मेह’ होतो तसा. मातृगृह, माइहर, माहेर. हिंदीतलं पीहर म्हणजे पितृगृह, नैहर म्हणजे ज्ञातिगृह. आपला देव्हारा म्हणजे देवगृह. आणि भुयार म्हणजे भूमिगृह, म्हणूनच गुजरातीत ते ‘भोंयरुं’. आता पहिला भाग घ्या. ‘जतु’ म्हणजे लाख, बांगड्यांची असते ती. ‘चतुर्’मधला ‘त’ गळून ‘चउ’ आणि मग चौक, चौघे, चौकट यांतला ‘चौ’ झाला, अगदी त्याच वाटेने ‘जतु’चा ‘जउ’ आणि मग ‘जौ’. जतुगृह, जउघर, जउहर, जौहर. एकही पायरी ओढूनताणून घ्यावी लागत नाही. ही व्युत्पत्ती मांडणाऱ्यांत ‘पद्मावत’चे भाष्यकार वासुदेवशरण अग्रवाल आहेत, आणि ती ज्यांना कविकल्पना वाटते त्यांनी ही ध्वनींची साखळी एकदा स्वतः मोडून दाखवावी.

जतुगृह म्हणजे अर्थातच महाभारतातलं वारणावताचं लाक्षागृह. आपण मराठीत ‘लाक्षागृह’ म्हणतो म्हणून हा दुवा चटकन दिसत नाही. आदिपर्वातल्या त्या उपपर्वाचं नाव मात्र जतुगृहपर्व आहे. दुर्योधन ते घर बांधणाऱ्या पुरोचनाला काय सांगतो ते नीट वाचण्यासारखं आहे. ताग, राळ, जे जे पेट घेणारं ते ते बांधकामात वापर. तूप, तेल आणि भरपूर लाख मातीत कालवून त्याचा गिलावा भिंतींना दे. आणि हे सगळं अशा बेताने कर की कोणाला संशय येणार नाही. यातली प्रत्येक वस्तू आपल्या कामाची आहे. ताग वातीसारखा ज्वाला धरतो. राळ आणि लाख वितळून पसरतात आणि चिकटून जळत राहतात. तुपातेलाने माती भिजली की एरवी न जळणारी भिंतच जळण होते. पांडव विदुराने पाठवलेल्या खनकाने खोदलेल्या भुयारातून सुटले. आत जळाली ती पाच मुलांसह निजलेली निषादी, आणि पुरोचन. बंद दाराचं घर, आतून जळणारं, आत बाई आणि मुलं: ‘जतुगृह’ या शब्दाला पुढे जो अर्थ चिकटला त्याचं चित्र इथे पूर्ण आहे.

‘जउ’ हा शब्द मेलेलाही नाही. मराठीत त्याची जागा ‘लाक्षा’वरून आलेल्या ‘लाखे’ने घेतली, पण ओडियात लाखेला आजही ‘जउ’च म्हणतात आणि बालेश्वरच्या लाखेच्या बाहुल्यांना ‘जउकंढेई’. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यात ऋषिकुल्या नदीकाठी जौगड आहे. अशोकाचे शिलालेख असलेला हा जुना किल्ला. नावाचा अर्थ लाखेचा गड, आणि त्याच्या भिंती लाखेच्या होत्या अशी लोकांची समजूत. पूर्वेकडे ‘जतुगड’चा जौगड झाला, तर पश्चिमेकडे ‘जतुगृह’चा जौहर व्हायला हरकत काय?

हरकत घेणारा एक पक्ष आहे आणि तो दुबळा नाही. जुन्या राजस्थानी काव्यांत ‘जमहर’ असं रूप येतं, बोलीत ‘जंवर’ आणि ‘जमर’ही आहेत. त्यावरून हे लोक ‘यमगृह’ सुचवतात: यमगृह, जमहर, जंवहर, जौहर. ‘ग्राम’चं गाव आणि ‘नाम’चं नाव होतं तसा इथे ‘म’चा ‘वँ’ झाला. ध्वनींच्या बाजूने हे निर्दोष आहे. भुयारातही ‘भूमि’चा ‘म’ असाच विरघळला. अडचण अर्थाची आहे. यमाच्या घरी तर त्या दिवशी गडावरचे सगळेच जायचे. दरवाजे उघडून शत्रूवर तुटून पडणारे पुरुषही तिकडेच निघालेले. मग त्यांच्या मरणाला वेगळा शब्द आणि बायकांच्या आगीलाच तेवढा यमाचा शब्द, असं का? ‘जतु’चा अर्थ लोक विसरले, ‘जउहर’मध्ये काही उमगेना, तेव्हा ओळखीचा यम त्यात बसवून घेतला, असं मी मानतो. लोकव्युत्पत्ती अशीच काम करते. यमाचा पक्ष ज्यांना धरायचा आहे त्यांनी तो जरूर धरावा, कारण त्यांच्याही शब्दात शेवटी घर आहेच. रत्नवाल्यांच्या शब्दात ते नाही.

घराचा आग्रह का, तर प्रत्यक्ष नोंदीतही घरं आहेत. अकबराने ऑक्टोबर १५६७ मध्ये चितोडला वेढा घातला आणि फेब्रुवारी १५६८ मध्ये गड घेतला. गड लढवणारा जयमल पडल्यावर थोड्याच वेळात गडावर ठिकठिकाणी जाळ दिसला. काय पेटलंय हे छावणीत कळेना. अकबराच्या बाजूच्या राजा भगवानदासने सांगितलं की हा जौहर असणार. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याने त्या आगी कुठे लागल्या तेही लिहून ठेवलं आहे: सिसोदियांपैकी पत्ता नावाच्या सरदाराच्या वाड्यात, राठोडांच्या आणि चौहानांच्या वाड्यांत. सुमारे ३०० स्त्रिया जळाल्या असा त्याचा आकडा. चंदन, अगरू, सुकी लाकडं आणि तेल यांचा ढीग रचून तयार ठेवतात, स्त्रियांवर काळीज घट्ट केलेली विश्वासातली माणसं नेमतात, आणि पराभव ठरला की ती माणसं आग लावतात, असं त्याचं वर्णन. ‘राणीने हसत हसत अग्निकुंडात उडी घेतली’ असं लिहिणाऱ्यांनी ही नेमलेली माणसं विसरू नयेत. आग लावणारा हात प्रत्येक वेळी आत जाणारीचाच होता, असं या नोंदीवरून म्हणता येत नाही.

पद्मिनीच्या बाबतीत तर तपशील आणखी काळजीने वापरायला हवेत. अलाउद्दीन खिलजी २८ जानेवारी १३०३ ला दिल्लीहून चितोडकडे निघाला आणि गड २६ ऑगस्टला पडला. त्याचा दरबारी कवी अमीर खुसरो त्या मोहिमेत हजर होता. रणथंभोरच्या १३०१ च्या वेढ्यात पेटवलेल्या आगीबद्दल तो लिहितो; चितोडबद्दल लिहिताना पद्मिनीचं नाव नाही, जौहरही नाही. राणीची कथा आपल्याला पहिल्यांदा सविस्तर भेटते ती जायसीकडे, म्हणजे २३७ वर्षांनी. आणखी एक गोष्ट. २६ ऑगस्ट म्हणजे मेवाडचा पावसाळा. कित्येक महिन्यांच्या वेढ्यात सुकं सरपण स्वयंपाकालाच पुरवून पुरवून वापरायचं, त्यात पावसाची ओल. उघड्यावर रचलेली ओली चिता धुमसत राहते. अशा दिवसांत तेल, तूप, राळ आणि डोक्यावर छप्पर यांना पर्याय नाही. राजस्थानचा इतिहास लिहिणारा ब्रिटिश अधिकारी जेम्स टॉड याने १८२९ मध्ये छापलेल्या कथेत पद्मिनीचा जौहर गडाखालच्या भुयारात होतो आणि तोंड बंद केलं जातं. कथा कितीही उशिराची असो, तीही उघड्या मैदानात गेली नाही. भूमिगृहात गेली.

आता ‘पद्मिनी सती गेली’ या वाक्याबद्दल. ते चूक म्हणून लोक दुरुस्त करतात, आणि एरवी ती दुरुस्ती योग्य आहे. सती जाणं म्हणजे मेलेल्या पतीच्या मागे त्याच्या विधवेने जाणं. जौहर सामुदायिक, त्यात कुमारिका आणि मुलंही, आणि रूढ कल्पनेत पुरुष जिवंत असताना, शेवटच्या लढाईच्या आधी. मात्र जायसीच्या काव्यापुरतं ते वाक्य बरोबर आहे! तिथे पद्मिनीचा (काव्यात तिचं नाव पद्मावती) नवरा रतनसेन अलाउद्दीनच्या हातून मरतच नाही. कुंभलनेरच्या राजा देवपालाशी लढताना मरतो. पद्मावती आणि त्याची दुसरी राणी नागमती दोघी त्याच्याबरोबर सती जातात. जौहर त्यानंतरचा, गडावरच्या बाकीच्या स्त्रियांचा: ‘जौहर भइँ सब इस्तिरी’. क्रियापद बघा. स्त्रिया जौहर ‘झाल्या’. तोवर शब्दातलं घर पुसलं गेलं होतं आणि उरली होती फक्त आग.

बायकांची आणि पुरुषांची अशा दोन्ही बाजू मिळून राजस्थानी शब्द आहे ‘साका’. बायकांचा जौहर, आणि मग पुरुषांनी कसुंबा, म्हणजे अफूचं पाणी, घेऊन केशरी बाणा चढवायचा आणि दरवाजे उघडायचे, ते ‘केसरिया’. चितोडचे तीन साके परंपरेने मोजतात: १३०३, १५३५ आणि १५६८. १५३५ चा गुजरातच्या बहादूरशाहाच्या वेढ्यातला, राणी कर्णावतीचा. जैसलमेरला तिसऱ्या वेळी शत्रू दगा करून आत शिरला, आग रचायला अवधीच मिळाला नाही, बायकांना तलवारीने मारावं लागलं. म्हणून त्याला ‘अर्धा साका’ म्हणतात. जौहर झाला नाही म्हणून साका अर्धा. तिथले लोक शब्द इतके मोजूनमापून वापरतात, आणि आपण मराठीत पराभवाच्या कुठल्याही प्रसंगाला जौहर म्हणून मोकळे होतो.

राहिलं लेखन. मराठीत ‘जोहार’ हा दुसराच, स्वतंत्र शब्द आहे: नमस्कार. चोखोबांचा आणि नाथांच्या भारुडातला जोहार तो, आदिवासी भागांत आजही एकमेकांना घालतात तो जोहार, हिंदीत जुहार. त्याचा आगीशी काही संबंध नाही. म्हणून चितोडच्या संदर्भात ‘जोहार’ लिहिलं की वाचणारा उगाच दोन गोष्टी एकत्र करतो. जुन्या मराठी पुस्तकांत ते रूप सापडलं तर चूक म्हणून खोडू नका, पण नवीन लिहिताना टाळा. ‘जोहर’मध्ये ‘जउ’मधला ‘उ’ हरवतो. चौकाला आपण ‘चोक’ लिहीत नाही. तेव्हा ‘जौहर’ लिहा, पुल्लिंगी: जौहर झाला. ‘केला’ तेव्हाच लिहा जेव्हा कोणी केला हे तुम्हाला ठाऊक असेल.