तोच हात मारायचा, तोच हात हळद लावायचा

पत्र साताऱ्यातून आलंय, शाहूपुरीतून. नाव छापू नका असं तिने लिहिलंय, मी अजून दोन-चार खुणा बदलल्यात, पण गोष्ट तिचीच आहे. वय ३४. लग्न होऊन सांगलीत गेली, नवऱ्याचं मार्केट यार्डात हळदीचं काम, ९ वर्षांचा संसार, ७ वर्षांचा मुलगा. मार दुसऱ्या वर्षापासून. गेल्या डिसेंबरात त्याने मोबाईल काढून घेतला आणि तिला माडीवरच्या खोलीत दोन दिवस कोंडून ठेवलं, तिसऱ्या दिवशी तो यार्डात गेल्यावर शेजारणीने बाहेरची कडी काढली आणि ही पोराला घेऊन एसटीने भावाकडे आली. आता तिच्याच शब्दांत:

"ताई, मला त्याची आठवण येते. रात्री सगळे झोपले की पांघरुणात मोबाईल घेऊन त्याचे व्हॉइस मेसेज ऐकते. यंदा वटपौर्णिमेचा उपास पण धरला, वहिनी म्हणाली एवढा मार खाऊन अजून पुळका कसा येतो गं तुला. तो अगदी वाईटच आहे असं नाही हो, मारलं की दुसऱ्या दिवशी स्वतः हळद गरम करून लेप लावायचा, लावता लावता रडायचा. आणि पोरासमोर त्याने कधी हात उचलला नाही, हे मात्र खरं. आता म्हणतोय गणपतीच्या आत ये, तू नाही आलीस तर मी यंदा गणपतीच बसवणार नाही. मी एक रील बघितलं, त्यात स्टॉकहोम सिंड्रोम म्हणून सांगत होते, कोंडून ठेवणाऱ्याचीच माया वाटायला लागते तो. मला तो रोग झालाय का? मी येडी झालेय का?"

अगं पोरी, नाही. येडी नाहीस आणि रोगही नाही झालेला. ते नाव रीलमध्ये फार फिरतं, पण डॉक्टर लोक ज्या पुस्तकांवरून मनाच्या आजारांचं निदान करतात त्यात ते आजार म्हणून कधी आलेलंच नाही. आणि ते नाव कसं पडलं ते ऐकलंस तर तुझा तुलाच उलगडा होईल, म्हणून जरा लांबून सांगते.

१९७३ चा ऑगस्ट, स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. यान-एरिक ओल्सन नावाचा माणूस बंदूक घेऊन बँकेत घुसला, चार कर्मचारी ओलीस धरले, तीन बायका आणि एक पुरुष, आणि २३ पासून २८ तारखेपर्यंत त्यांना तिथे अडकवून ठेवलं, त्यातले बरेच दिवस तर तिजोरीच्या खोलीत. त्याचा एक जुना साथीदार तुरुंगात होता, तो त्याने मागून घेतला आणि पोलिसांनी आणून दिलासुद्धा. बाहेर पोलीस, वरून छताला भोकं पाडायचं काम चाललेलं. त्यातली एक पोरगी, क्रिस्टिन एनमार्क, वय २३, तिने फोनवर थेट पंतप्रधान ओलॉफ पाल्मेंना सांगितलं की मला ह्या माणसांची भीती नाही, तुमच्या पोलिसांची आहे, आम्हाला ह्यांच्याबरोबर बाहेर जाऊ द्या. शेवटी पोलिसांनी गॅस सोडून सगळ्यांना बाहेर काढलं तर निघताना ओलिसांनी त्या दोघांना मिठ्या मारल्या. सगळं जग चाट पडलं. पोलिसांना सल्ला देणारे एक मानसोपचारतज्ज्ञ होते, निल्स बेयेरोत, त्यांनी याला नाव देऊन टाकलं. क्रिस्टिन नंतर सांगायची की हा माणूस माझ्याशी कधी बोललाच नाही. म्हणजे बघ, आत अडकलेल्या बाईला कुणी विचारलंच नाही की बाई गं, तुला असं का वाटलं, बाहेर उभ्या असलेल्यांनी परस्पर चिठ्ठी चिकटवली. आणि तिची भीती काय खोटी होती का, आत गोळीबार झाला असता तर मेली असती ती.

पण मला तुला सांगायचंय ते चौथ्या ओलिसाचं. स्वेन सेफस्ट्रॉम. ओल्सन त्याला म्हणाला, पोलिसांना दाखवायला मला तुला गोळी घालावी लागणार, पण मी मारून टाकणार नाही, फक्त पायावर मारीन. आणि हा माणूस नंतर सांगतो की त्या क्षणी मला वाटलं, किती चांगला आहे हा, फक्त पायावर म्हणतोय.

आता तुझं वाक्य परत वाच. "पोरासमोर त्याने कधी हात उचलला नाही, हे मात्र खरं."

कळलं का? तुझ्यात काही बिघाड नाही. माणूस इतका कोपऱ्यात गेला की कमी दुखणं हीच त्याला दया वाटायला लागते. जीव ज्याच्या हातात आहे तो थोडा जरी नरमला तरी त्यात आपल्याला माणूसपण दिसतं, कारण ते दिसलं नाही तर जगायचं कशाच्या आधारावर. तुझी माडीवरची खोली काय आणि ती तिजोरी काय, कडी बाहेरूनच होती.

आणि आता हळदीचं. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच लागलं, दोन दिवस डोक्यातून जाईना. सुजलेल्या मनगटावर तो कोमट लेप, वास सगळ्या घरभर, आणि ज्याने पिरगाळलं तोच फुंकर घालतोय. अशा वेळी अंगाला किती बरं वाटतं गं. अंग काय विचार करत नाही की हे दुखणं दिलं कुणी, अंगाला एवढंच कळतं की भीती ओसरली, आता काही दिवस शांत. तुझी आई जवळ नाही, मैत्रिणी त्याने एकेक करून तोडल्या असतील (तू लिहिलं नाहीस, पण नऊ वर्षांत एका मैत्रिणीचं नाव पत्रात नाही), मग भीती पण त्याच्याकडूनच आणि सुटका पण त्याच्याकडूनच. दोन्हीचा नळ एकाच माणसाच्या हातात. त्याच्याकडे ओढ लागणार नाही तर कुणाकडे लागणार?

डटन आणि पेंटर नावाच्या दोघा अभ्यासकांनी १९८१ मध्ये ह्यावर लिहिलं, त्यांचं म्हणणं साधं आहे. दोन गोष्टी जुळल्या की ही गाठ बसते, एक म्हणजे सगळी ताकद एकाच्याच हातात, आणि दुसरं म्हणजे वागणं कधी गोड कधी कडू आणि कधी काय ते आधी कळायचं नाही. रोज मारणाऱ्याला बाई लवकर सोडते. रोज चांगला वागणाऱ्याला सोडायचा प्रश्नच नाही. पण मधूनच हळद लावणारा सुटता सुटत नाही. बी. एफ. स्किनर ह्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते, चोच मारली की दर वेळी दाणा मिळाला आणि मग बंद झाला तर कबुतर थोड्या वेळाने नाद सोडतं, पण कधी मिळतो कधी नाही असं ठेवलं तर दाणा बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ टोचत राहतं. तू रात्री पांघरुणात मेसेज ऐकतेस ना, ते हेच आहे. दहा मेसेजमध्ये एकात तो जुन्या आवाजात "जेवलीस का" म्हणतो आणि त्या एकासाठी तू बाकीचे नऊ ऐकतेस.

अजून एक. नऊ वर्षं तू काय शिकलीस तर हा माणूस. गेटची कडी कशी वाजली, गाडी कशी लावली, चपला कशा काढल्या यावरून तुला कळत असणार आजची संध्याकाळ कशी जाणार. त्याला काय हवं, काय खुपलं, का चिडला, हे त्याच्याआधी तुला कळायचं, कारण ते कळलं तर वाचायचीस. इतकी वर्षं दुसऱ्याच्या डोक्यात राहिलेली बाई एसटीत बसून सातारला आली म्हणजे लगेच स्वतःच्या डोक्यात परत येत नसते. म्हणून अजून तुला वाटतं, तो एकटा जेवला असेल का, गणपती बसवला नाही तर लोक काय म्हणतील. त्याच्याच बाजूने वाटतं सगळं. ह्याला प्रेम म्हण, सवय म्हण, काय म्हणायचं ते म्हण, मी नाव ठेवत नाही. ऑस्ट्रियात नताशा काम्पुश नावाची दहा वर्षांची मुलगी १९९८ मध्ये पळवून नेली होती, आठ वर्षं त्या माणसाने कोंडून ठेवली, २००६ मध्ये ती स्वतः निसटली आणि त्याच दिवशी त्याने जीव दिला, तर ती त्याच्यासाठी रडली. लोकांनी लगेच तेच नाव लावलं. तिला ते अजिबात मान्य नाही, माझं नातं काय होतं ते मला सांगू द्या, असंच तिचं म्हणणं. मला ते फार पटतं.

तेव्हा उपास धरलास त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. फक्त एक कर, माया संपायची वाट बघत बसू नकोस. तुला वाटतंय की जोपर्यंत आठवण येतेय तोपर्यंत मी परत जायला पाहिजे, किंवा जायचं नसेल तर आठवण यायला नको. असं काही नसतं गं. आठवण येत राहू दे आणि तू इथेच रहा. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, कितीतरी बायका तसंच करतात, वर्ष-दोन वर्षं आतून तुटत असतात आणि तरी जात नाहीत, मग हळूहळू तो आवाज बारीक होतो.

गणपतीचं बोलू. देव बसवायचा की नाही हा त्याचा त्याच्या देवाशी मामला आहे, त्याचा भार तुझ्या डोक्यावर द्यायचं कारण नाही. हे आमिष पण आहे आणि धमकी पण. खरंच सुधारलेला माणूस तारीख देत नाही. तो म्हणेल, तू तिथेच रहा, सुरक्षित रहा, मी काय केलं ते मी तुझ्या भावासमोर कबूल करतो, समुपदेशनाला जातो, तू आलीस नाही आलीस तरी जातो. असं काही त्या मेसेजमध्ये आहे का? तू लिहिलंयस त्यात तरी मला दिसलं नाही. आणि एकटीने "फक्त बोलायला" सांगलीला अजिबात जायचं नाही, कपडे नि पोराचे दाखले आणायला सुद्धा नाही. बाई सोडून आली की नंतरचे काही महिने सगळ्यात धोक्याचे असतात, हे ह्या कामातलं कुणीही सांगेल.

मेसेज पुसू नकोस, पुरावा आहे तो. पण फोन रात्री वहिनीकडे दे. त्याला ब्लॉक करायचं धाडस नसेल होत तर नको करू, फक्त ऐकायचं ते दिवसा, भाऊ शेजारी असताना. आणि एक वही कर. त्या दोन दिवसांत माडीवर काय काय झालं ते लिही, प्यायला पाणी होतं का, मुलगा कुठे होता, खालून त्याचा आवाज ऐकू येत होता का. हळदीचं पण लिही, लपवू नकोस, फक्त लेपाच्या आधीची रात्र त्याच पानावर लिही. आठवण दाटून आली की मनाला फक्त लेप आठवतो, म्हणून वही लागते.

कायद्याचं थोडक्यात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्यात नुसता मार नाही, कोंडणं, घालूनपाडून बोलणं, पैशाने नाडणं सगळं येतं. घटस्फोट घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, त्याने जवळ यायचं नाही, त्रास द्यायचा नाही असा संरक्षण आदेश मागता येतो, खर्च मागता येतो, मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि त्या सांगलीच्या घरात राहायचा तुझा हक्कही शाबूत आहे. महत्त्वाचं म्हणजे ह्यासाठी सांगलीला खेटे घालायला नकोत, तू सध्या राहतेस तिथल्या, म्हणजे साताऱ्याच्या कोर्टात अर्ज चालतो. जिल्ह्याचे संरक्षण अधिकारी असतात, ते अर्ज भरायला मदत करतात, आणि कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, नवऱ्याचं उत्पन्न कितीही असो. पोलिसात तक्रार हा वेगळा रस्ता आहे, नवऱ्याकडच्या छळाचं जुनं कलम ४९८अ म्हणायचे ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, ते करायचं की नाही हे तू ठरव, घाई नाही. तो दारात आला तर मात्र ११२ लाव, विचार करत बसू नकोस. १८१ ही महिलांची हेल्पलाइन. आणि मन फार बसलं, रात्र काढवेना, तर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मुलगा "बाबा कधी येणार" विचारत असेल. त्याला बाबा वाईट आहेत असं सांगू नकोस आणि सगळं ठीक आहे असंही नको. तुला बाबांची आठवण येणं चांगलंच आहे, पण बाबांनी आईला दुखवलं म्हणून आपण मामाकडे राहतो, एवढं पुरे. त्याला माहीत नाही असं समजू नकोस, समोर हात उचलला नसेल पण घर केवढं असतं, भिंतीला कान असतात आणि पोरांनाही असतात.

वहिनी, हे तुम्हीही वाचा. तुम्ही घरात घेतलंत, दोन ताटं वाढवलीत, हे मोठं काम आहे आणि सोपं नाही. पण पुळका हा शब्द परत वापरू नका. माझ्या जुन्या घराशेजारी एक बाई होती, नवरा असाच. ती रात्री-अपरात्री आमच्याकडे यायची, आठ दिवस राहायची, तो न्यायला आला की जायची. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा मी दारातच म्हणाले, आता परत येऊ नकोस, तुलाच आवडतंय ते. ती काही बोलली नाही, पोराच्या पायातली चप्पल नीट केली आणि गेली. मग खरंच परत आली नाही, मार थांबला म्हणून नाही, भिंतीतून आवाज यायचे आम्हाला. पुढे त्यांनी घर बदललं. वीस वर्षं झाली, मला तो चपलेचा बंद अजून दिसतो. ती जाणार हे तिच्या हातात नव्हतं तेवढं, पण माझं दार उघडं ठेवणं माझ्या हातात होतं. तुमची नणंद उद्या समजा गेलीच, तर जाताना तिला एवढंच सांगा की कधीही ये, काही विचारणार नाही.

आणि तू, गौरी यंदा माहेरात जेव. वहिनीला हळदीकुंकवाच्या तयारीत हात लाव, पोराला आरास करू दे. गणपती झाले की मला परत लिही, फोन रात्री वहिनीकडे दिलास का आणि वहीची किती पानं झाली तेवढं कळव. मी वाट बघते.