जुने मोडी कागद, फोटो सीडी आणि फसलेले रूपांतर

प्रश्न : साधारण १९९५ च्या सुमारास माझ्या वडिलांनी घरातील होळकर संस्थानच्या काळातील मोडी कागद स्कॅन करून पीसीएक्स फायलींत ठेवले होते आणि बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे कोडॅकच्या फोटो सीडीवर उतरवून घेतली होती. अलीकडे एका दुकानातून या सर्व फायली जेपेगमध्ये बदलून आणल्या, तेव्हा मोडी अक्षरांभोवती करडे डाग दिसू लागले. छायाचित्रे फार लहान निघाली आणि मुंडावळ्यांचे मोती पांढऱ्या ठिपक्यांसारखे सपाट झाले. मूळ फायलीच खराब झाल्या असतील का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपण सांगितलेल्या तिन्ही खुणा रूपांतरातील चुकांच्या आहेत, त्यामुळे मूळ फायली जपून ठेवाव्यात आणि जेपेग प्रती बाजूला साराव्यात.

प्रथम मोडी कागद. पीसीएक्समध्ये एकाच रंगाचे सलग ठिपके मोजून लिहिले जातात, म्हणून फाईल लहान होते, पण एकही ठिपका गळत नाही. जेपेग मात्र चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून बारीक तपशील अंदाजाने साठवते. चेहरा किंवा आकाश यांना ते चालते, परंतु पांढऱ्या कागदावरील काळ्या शाईच्या कडेला त्यातूनच करडी वलये उमटतात. मोडीत अक्षरे एकमेकांना जोडून लिहिलेली असल्याने वाचणाऱ्याची सारी भिस्त त्या बारीक जोडरेषांवर असते आणि नेमक्या त्याच रेषा येथे पुसट होतात. म्हणून हे कागद पीएनजीमध्ये, म्हणजे एकही ठिपका न गाळणाऱ्या चित्र-प्रकारात, तेही केवळ काळा व पांढरा असे दोनच रंग ठेवून, बदलावेत. इरफानव्ह्यू, एक्सएनव्ह्यू किंवा गिंप यांपैकी कोणताही मोफत प्रोग्राम हे काम करतो.

छायाचित्रांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९९२ मध्ये बाजारात आलेल्या फोटो सीडीवरील प्रत्येक पीसीडी फाईलमध्ये एकच चित्र पाच आकारांत असते. सर्वांत लहान १९२ × १२८, मधले ७६८ × ५१२ आणि सर्वांत मोठे ३०७२ × २०४८ ठिपक्यांचे. मात्र वरचे दोन आकार संपूर्ण चित्र म्हणून साठवलेले नसतात. लहान चित्र मोठे करून पाहिल्यास मूळ चित्राशी जो फरक उरतो, तेवढाच संकुचित स्वरूपात ठेवलेला असतो. हा फरक उलगडण्याची सोय नसलेले प्रोग्राम मधल्या आकारावर थांबतात आणि आपल्या हाती सोळावा हिस्सा ठिपके येतात. दुकानात बहुधा हेच घडले असावे.

मोत्यांचे कारण वेगळे आहे. या फायलींचे रंग फोटोवायसीसी नावाच्या पद्धतीने लिहिलेले असतात आणि फिल्मवर टिपलेली चकाकी जपण्यासाठी त्यात सामान्य पांढऱ्यापेक्षाही उजळ मूल्यांना जागा ठेवलेली असते. रूपांतर करणारा प्रोग्राम ही मूल्ये सरळ छाटतो, तेव्हा मोती, जरी आणि कपाळावरील प्रकाश एकसारखे पांढरे होतात. यासाठी पीसीडीटूजेपेग हा खास याच फायलींसाठी लिहिलेला छोटा प्रोग्राम वापरावा. तो मोठा आकार उलगडतो आणि उजळ भागही सांभाळतो. छायाचित्रांसाठी उच्च दर्जाचे जेपेग पुरेसे आहे, त्यामुळे येथे पीएनजीचा आग्रह नाही.

काम सुरू करण्यापूर्वी सीडीवरील संपूर्ण मजकूर हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावा, कारण फोटो सीडी ही लिहिण्याजोगी सीडी असून तिच्यातील रंगद्रव्याचा थर काळानुसार क्षीण होतो. नंतर ज्यात मुंडावळ्या स्पष्ट आहेत असे एकच छायाचित्र बदलून पाहावे. त्याची लांबी ३०७२ ठिपके भरली आणि मोती सुटे दिसले, की मगच उरलेली सर्व छायाचित्रे एकत्र घ्यावीत.