छत्री पाम, पपायरस आणि लव्हाळा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पश्चिमेच्या बाल्कनीत छत्री पाम आहे. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालते, तरी पात्यांची टोकं तपकिरी होतात आणि मधूनच अख्खा दांडा पिवळा पडतो. पाम असून एवढंही ऊन सोसत नाही? (वाचक, मुलुंड)

उत्तर : ‘पाम’ या नावानेच घात केलाय. हे झाड लव्हाळ्याच्या कुळातलं, मूळचं मादागास्कर आणि आफ्रिकेच्या पाणथळ काठांचं. एक दांडा आडवा कापून बघा. गवताची काडी पोकळ असते, हा आतून भरीव आणि भेंडासारखा मऊ पांढरा दिसेल. ऊन त्याला चालतं, तहान चालत नाही. एप्रिल-मेमध्ये तांब्याभर पाणी दुपारपर्यंत उडून जातं आणि टोकं करपतात. कुंडी टबात ठेवा आणि टबात कायम दोन-तीन इंच पाणी राहू द्या.

पाणी भरपूर असूनही टोकं जळत असतील, तर पाणी कुठलं ते पाहा. पालिकेचं तलावांचं पाणी मृदू असतं. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यातले क्षार मात्र मातीत साठतात आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतात. अशा वेळी महिन्यातून एकदा कुंडी टबाबाहेर काढून वरून आठ-दहा लिटर चांगलं पाणी सोडा आणि खालून पूर्ण वाहून जाऊ द्या. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा झाडावर येत असेल, तर कुंडीची जागा बदला.

दांडा पिवळा पडणं हे म्हातारपण आहे, रोग नव्हे. तो मातीलगत कापा. अर्ध्यावर कापलात तर त्या दांड्याला पुन्हा फूट येत नाही, नुसता खुंट कुजत राहतो.

प्रश्न : टबात पाणी ठेवलं की सोसायटीत डेंग्यूची भीती. मग काय करायचं? (वाचक, दादर)

उत्तर : भीती रास्त आहे. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची मजल साधारण आठ-दहा दिवसांत पुरी होते. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून टब पूर्ण रिकामा करा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी टबाच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. आतून ब्रशने खरवडून घासायलाच हवं.

आमच्या मते फ्लॅटसाठी याहून बरा उपाय म्हणजे तळाला भोक नसलेली बारा इंची कुंडी. दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग जाड रेती भरा आणि वर दीड इंच खडी पसरा. पाण्याची पातळी खडीच्या खालीच ठेवा. उघडं पाणी नाही तर डास नाही. कोकोपीट घालू नका, ते पाण्यावर तरंगतं. अशी कुंडी भिजली की पंचवीस-तीस किलो भरते, तेव्हा कठड्यावर ठेवू नका. पावसात ती कुंडी छपराखाली घ्या, नाहीतर काठोकाठ भरेल. गच्चीवर मोठी टाकी असेल तर गप्पी मासे सोडा.

प्रश्न : छत्री पामची आणि त्याच्याच कुळातल्या उंच पपायरसची रोपं घरीच कशी करावीत? (वाचक, बोरिवली)

उत्तर : छत्री पामचं काम सोपं आहे. निरोगी छत्री, म्हणजे दांड्याच्या टोकावरचा पात्यांचा झुबका, दोन इंच दांड्यासकट कापा, पाती अर्धी छाटा आणि वाटीभर पाण्यात उलटी ठेवा, छत्री खाली आणि दांडा वर. दोन-तीन आठवड्यांत पात्यांच्या बेचक्यातून आधी बारीक हिरवे कोंब, मग पांढरी मुळं दिसतील. पाणी दर तिसऱ्या दिवशी बदला. मुळं दीड-दोन इंच झाली की चिखलासारख्या ओल्या मातीत लावा.

उंच पपायरसची छत्री अशी सहसा रुजत नाही, त्याचा ठोंबच फोडावा लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये धारदार सुरीने असे तुकडे करा की प्रत्येकाला दोन-तीन जिवंत कोंब राहतील. मधला जुना, काळपट भाग टाकून द्या. वरच्या मजल्यांवर मात्र पपायरस लावूच नका. सात-आठ फुटांचे दांडे जुलैच्या वाऱ्यात मोडतात. तिथे दोन-अडीच फुटांचा बुटका पपायरस घ्या.

प्रश्न : पिवळ्या पट्ट्यांचं, कारंज्यासारखं पडणारं केअरेक्स ऑनलाइन मागवलं. जूनमध्ये बुडातून कुजलं. (वाचक, ठाणे)

उत्तर : हेही लव्हाळ्याच्याच कुळातलं, पण जपानी, थंड हवेतलं झाड. मुंबई-ठाण्याची दमट, गरम रात्र त्याला सोसत नाही. परत पैसे घालू नका. पट्टे हवेच असतील तर पांढऱ्या पट्ट्यांचा छत्री पाम घ्या. त्यात पूर्ण हिरवा दांडा आला की लगेच बुडातून काढा. हिरवे दांडे जोमाने वाढतात आणि वर्षभरात पट्टेवाल्यांना दाबून टाकतात.

प्रश्न : कुंडीत लव्हाळा माजलाय. उपटला की दुप्पट येतो. (वाचक, विलेपार्ले)

उत्तर : उपटल्यावर वरचा शेंडा हातात येतो आणि माळेसारख्या जोडलेल्या गाठी मातीतच राहतात. एरवी निजलेली प्रत्येक गाठ मग स्वतंत्र फुटते. (उटण्यातला नागरमोथा तो याच घराण्यातला, पण कुंडीत नको.) अख्खी कुंडी रिकामी करा, झाडाची मुळं धुऊन त्यात अडकलेल्या काळ्या गाठी एकेक वेचा, माती चाळा. तीच माती परत वापरायची असेल तर मे महिन्यात गच्चीवर पातळ पसरून, रोज उलथून, तीन-चार आठवडे कडक वाळवा. गाठी सुकून मरतात. नर्सरीतून आणलेली लाल मातीही वापरण्याआधी चाळा, कारण बहुतेक वेळा लव्हाळा तिथूनच घरात येतो.