आपल्याच विचारांच्या लोकांमध्ये वेगळं मत मांडावं का, आणि कसं?

तुमचा प्रश्न असा आहे: गटातले सगळे आपल्याच विचारांचे, माणसंही आवडती, पण एका मुद्द्यावर तुम्हाला वेगळं वाटतं. बोललं तर परकेपणाचा शिक्का बसेल, मग गप्प बसलेलंच बरं का?

बोला. आणि कुणाला बाजूला घेऊन नको, सगळ्यांसमोर बोला. असं का म्हणते, ते सांगते.

2019 च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलात आगी लागल्या होत्या. पर्यावरणासाठी धडपडणाऱ्या आमच्या गटात तेव्हा एकच वाक्य फिरत होतं: जगातला 20 टक्के ऑक्सिजन हे जंगल देतं. फ्रान्सच्या अध्यक्षांनीही तेच लिहिलं होतं. ते चूक आहे हे मला माहीत होतं. झाडं ऑक्सिजन सोडतात, पण श्वसनासाठी स्वतः वापरतातही. उरलेला जवळजवळ सगळा, गळलेली पानं आणि पडलेली खोडं कुजवणारे सूक्ष्मजीव संपवतात. जमाखर्च मांडला तर हाती जवळपास शून्य राहतं. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन हवेत कोट्यवधी वर्षांत साठत आलेला आहे. जंगल वाचवायची कारणं दुसरी आहेत आणि ती भक्कम आहेत: पाऊस, तिथली जीवसृष्टी, झाडांत आणि मातीत साठलेला कार्बन.

दोन दिवस मी गप्प होते. आग लागलेली असताना आकडे कसले तपासायचे, अशी मनाची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी लिहिलं. मुद्दा बरोबर होता, पण पहिलंच वाक्य होतं, ‘पुढे पाठवण्याआधी कुणी तपासून बघतं का?’ झालं! त्यानंतरचे सगळे मेसेज ऑक्सिजनबद्दल नव्हते, माझ्याबद्दल होते. ज्यांच्यासोबत कित्येक रविवारी रोपं लावली, त्या एका दादांनी विचारलं, ‘तू नक्की कोणाच्या बाजूची?’ ते अजून टोचतं.

त्याच रात्री तिघांचे वेगवेगळे खासगी मेसेज आले. तिघांनाही तो आकडा खटकला होता, आणि आपल्या एकट्यालाच तसं वाटतंय असं प्रत्येकाला वाटत होतं. म्हणजे आम्ही चौघं होतो, आणि चौघंही एकटे होतो.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात यावरच प्रयोग केले. समोर एक रेघ, शेजारी तीन, आणि सांगायचं इतकंच की त्या तिघींपैकी तिच्याएवढी कोणती. खोलीत खरी परीक्षा एकाचीच असायची, बाकी सगळे आधीच ठरवून एकमताने चुकीचं उत्तर द्यायचे. एकटं असताना जे कुणी सहसा चुकलं नसतं, तिथे एक तृतीयांशाहून जास्त उत्तरं बहुमताच्या चुकीकडे झुकली. पण खोलीत खरं बोलणारा फक्त एक माणूस ठेवला, की हे झुकणं आधीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर आलं. मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तो एकटा माणूस बहुमताहूनही जास्त चुकीचं उत्तर देत असला, तरीसुद्धा ज्याची परीक्षा चालली होती त्याच्या चुका कमी झाल्या. एकमताला तडा गेला, की माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू लागतो. म्हणून आपण शंभर टक्के बरोबर असल्याची खात्री होईपर्यंत थांबायची गरज नाही. ‘मला हे पटत नाहीये, कारण असं असं’ एवढ्यानेही कुणाला तरी वाट मोकळी होते.

खासगीत सांगून का भागत नाही, याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. 1961 मध्ये अमेरिकेच्या पाठबळावर सुमारे 1,400 क्यूबन निर्वासित तिथलं सरकार उलथवण्यासाठी क्यूबाच्या ‘बे ऑफ पिग्ज’ या किनाऱ्यावर उतरवले गेले. ती मोहीम तीन दिवसांत कोसळली, बहुतेक सगळे पकडले गेले. तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांचा तिला विरोध होता. त्यांनी केनेडींना तसं लेखी कळवलंही होतं. पण जिथे निर्णय होत होता त्या बैठकांमध्ये ते फारसं बोलले नाहीत, आणि त्या गप्प राहण्याबद्दल त्यांनी पुढे स्वतःला जाहीरपणे दोष दिला. चिठ्ठी एकालाच कळते. बाकीच्यांच्या लेखी सगळे एकमतानेच बसलेले असतात.

आता कसं बोलायचं ते. पहिलं वाक्य माणसांबद्दल नको, विधानाबद्दल असू दे. मी आज लिहिलं असतं तर असं: ‘हे जंगल वाचलंच पाहिजे, म्हणूनच सांगते, 20 टक्क्यांचा आकडा टिकत नाही. उद्या विरोधक तेवढाच धरून आपली बाकीची बाजूही खोटी ठरवतील.’ सुरुवातीचे शब्द खरे असतील तरच लिहा. नुसती मलमपट्टी असेल तर लोकांना लगेच कळतं. एका वेळी एकच मुद्दा घ्या. गेल्या वर्षभरातली साठवलेली नाराजी त्याच मेसेजमध्ये ओतू नका. कुणाच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर मात्र त्या व्यक्तीशी एकटं बोला, ती चारचौघांत काढायची गोष्ट नाही.

कुणी ‘तुम्ही कोणाच्या बाजूचे’ म्हणालं, तर बाजू सिद्ध करत बसू नका. मी पन्नास ओळींचा खुलासा लिहिला होता, त्यात मूळ मुद्दा हरवला. ‘तुमच्याच बाजूची आहे, आकड्याबद्दल बोलू या’ एवढं म्हणून थांबायला हवं होतं.

आणि उद्या दुसऱ्या कुणी वेगळं मत मांडलं आणि तुम्हाला ते पटलं, तर त्याला खासगीत शाबासकी देऊ नका, तिथेच खाली दोन शब्द लिहा. त्या तिघांचा मला राग नाही, पण त्यांच्यातल्या एकाने जरी गटात ‘मलाही असंच वाटतं’ म्हटलं असतं, तर ती रात्र वेगळी गेली असती.

मेसेज पाठवल्यावर लगेच कुणी काही बोललं नाही, तर त्या शांततेला विरोध समजू नका. दर पाच मिनिटांनी फोन उघडूनही बघू नका. गटात माझ्या बाजूचा पहिला शब्द उमटायला दीड दिवस लागला, आणि तो ‘बाजू’ विचारणाऱ्या त्याच दादांचा होता: ‘आकड्याचं तपासून पाहिलं, तुझं बरोबर आहे.’